समतेचा वकील

इ. स. १७७६ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाची सत्ता झुगारून दिली आणि आपण स्वतंत्र झाल्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, असे त्या जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले होते. जगाने ते शब्द कौतुकाने ऐकले. परंतु त्याच अमेरिकेत त्या वेळी लक्षावधी कृष्णवर्णीय माणसे गुलामगिरीत खितपत पडली होती. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेली ही माणसे आणि त्यांची संतती. बाजारात गुरांचा लिलाव व्हावा, तसा त्यांचा लिलाव होई. आई एका मालकाकडे, तर तिचे लेकरू दुसऱ्याकडे, अशी ताटातूट नित्याची होती. जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरीच गुलाम राबत होते. उच्चार आणि आचार यांमधील हे अंतर नाहीसे करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत थॅडियस स्टीव्हन्स या वकिलाचे स्थान फार वरचे आहे.

थॅडियसचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजी व्हर्मांट राज्यातील डॅनव्हिल या गावी झाला. हा उत्तरेकडील डोंगराळ आणि कडाक्याच्या थंडीचा मुलूख. घरची परिस्थिती बेताची होती. वडील शेती करीत आणि जोडेही शिवीत. पण थॅडियस लहान असतानाच ते घर सोडून निघून गेले. चार मुलगे आणि त्यांची आई साराह, एवढे कुटुंब मागे उरले. त्यातून थॅडियसचे एक पाऊल जन्मतःच वाकडे होते. तो लंगडत चाले. बरोबरीची मुले त्याच्या चालण्याची नक्कल करून हसत. ती हेटाळणी त्या मुलाच्या मनात खोल रुतून बसली. ज्याला लोक हिणवतात त्याला काय वाटते, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

हा मुलगा शेतातील जड कामे करू शकणार नाही, हे आईने ओळखले. मग याला विद्याच दिली पाहिजे, असा तिने निर्धार केला. पीचम या जवळच्या गावी चांगली शाळा होती. म्हणून तिने आपले बिऱ्हाड तेथे हलविले. लोकांच्या घरची कामे करून, आजाऱ्यांची शुश्रूषा करून आणि शेतात राबून तिने हाडांची काडे केली, पण मुलाची शाळा सुटू दिली नाही. पुढे थॅडियस डार्टमथ महाविद्यालयात दाखल झाला आणि इ. स. १८१४ मध्ये पदवीधर होऊन बाहेर पडला. मोठेपणी त्याला पैसा मिळू लागला, तेव्हा त्याने आईला अडीचशे एकरांचे शेत आणि चौदा गाई घेऊन दिल्या. अधूनमधून तो तिला एखादे लखलखीत सोन्याचे नाणे पाठवी. ती माऊली ते नाणे आपल्या चर्चच्या दानपेटीत टाकी. आईला हे सुख देता आले, यासारखा दुसरा आनंद आपल्या आयुष्यात नाही, असे तो सांगत असे.

पदवी मिळाल्यावर थॅडियस पेनसिल्व्हेनिया राज्यातील यॉर्क या गावी आला. दिवसा शाळेत मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात कायद्याचे ग्रंथ वाचावेत, असा त्याचा क्रम होता. वकिलीचा अभ्यास करीत असताना दुसरा व्यवसाय करणाऱ्यास परीक्षेस बसता येणार नाही, असा तेथील वकिलांचा दंडक होता. थॅडियसने वाद घालीत न बसता शेजारच्या मेरीलँड राज्यात जाऊन परीक्षा दिली आणि इ. स. १८१६ मध्ये गेटिझबर्ग या लहानशा गावी वकिलीची पाटी लावली. आरंभी पक्षकार फारसे फिरकत नसत. परंतु त्याची तीक्ष्ण बुद्धी आणि तितकीच धारदार वाणी लोकांच्या प्रत्ययास आली आणि काही वर्षांतच स्टीव्हन्स हे त्या भागातील नामांकित वकील झाले.

गेटिझबर्गपासून काही मैलांवरच मेरीलँडची सरहद्द होती. मेरीलँडमध्ये गुलामगिरी राजरोस चालू होती, तर पेनसिल्व्हेनियाने इ. स. १७८० मध्ये कायदा करून ती क्रमाक्रमाने बंद करण्यास आरंभ केला होता. परराज्यातील मालकाने आपला गुलाम पेनसिल्व्हेनियात आणून सहा महिन्यांहून अधिक काळ ठेवला, तर तो गुलाम मुक्त होई. या नियमावरून इ. स. १८२१ मध्ये एक खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. चॅरिटी बटलर नावाच्या स्त्रीने आपल्या आणि आपल्या मुलांच्या स्वातंत्र्याची मागणी केली होती. मालकाच्या घरच्या माणसांबरोबर ती पेनसिल्व्हेनियात अनेकदा येऊन राहिली होती आणि ते सारे दिवस एकत्र मोजले तर सहा महिन्यांपेक्षा जास्त भरत होते.

या खटल्यात स्टीव्हन्स कोणाच्या बाजूने उभे होते? ते मालकाचे वकील होते! सहा महिन्यांचे वास्तव्य सलग असले पाहिजे, तुकड्यातुकड्यांनी झालेले वास्तव्य चालणार नाही, असा मुद्दा त्यांनी मांडला. कायद्याच्या शब्दांत तो बसत होता. न्यायालयाने तो मान्य केला. स्टीव्हन्स खटला जिंकले आणि एक आई आपल्या लेकरांसह पुन्हा गुलामगिरीत गेली.

थोर पुरुषांच्या चरित्रात असे प्रसंग झाकून ठेवण्याची काहींना सवय असते. परंतु स्टीव्हन्स यांचे पुढचे जीवन समजण्यास हा प्रसंग ठाऊक असणे अवश्य आहे. कायद्यातील एका शब्दाचा अर्थ कसा लावला जातो, यावर माणसाचे सारे आयुष्य अवलंबून असते, हे त्या दिवशी दिसून आले. दोन वर्षांनी, इ. स. १८२३ च्या स्वातंत्र्यदिनी, भर मेजवानीत स्टीव्हन्स यांनी अशी इच्छा प्रकट केली की, देशाचा पुढील अध्यक्ष ज्याने कोणत्याही गुलामाच्या पायांत बेडी ठोकली नाही असा असावा. यानंतर गुलामगिरीतून पळून आलेल्या अनेकांचे वकीलपत्र त्यांनी घेतले आणि पुष्कळदा त्याबद्दल एक छदामही घेतला नाही.

इ. स. १८३३ मध्ये स्टीव्हन्स पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळावर निवडून आले. त्या राज्यात तोवर गरीब मुलांच्या शिक्षणाची एक विचित्र व्यवस्था होती. ज्या आईबापांना शाळेची फी परवडत नसेल, त्यांनी आपण दरिद्री आहोत अशी सरकारदरबारी नोंद करावी. मग त्यांच्या मुलांची फी सरकार भरी. वरवर पाहता ही सोय दयाळूपणाची वाटते. परंतु वर्गातील इतर मुलांना कळे की, हा नादारीचा मुलगा आहे. कित्येक स्वाभिमानी आईबाप मुलांना घरी ठेवीत, पण आपले नाव त्या यादीत चढू देत नसत. इ. स. १८३४ मध्ये राज्याने नवा कायदा केला. सर्वांकडून कर घ्यावा आणि त्यातून सर्वांसाठी मोफत शाळा चालवाव्यात, असे त्याचे स्वरूप होते.

या कायद्याविरुद्ध एकच काहूर उठले. ‘ज्यांना मुले नाहीत त्यांनी शाळेचा कर का द्यावा? दुसऱ्याच्या मुलांना आम्ही का शिकवावे?’ असे लोक विचारू लागले. कायदा रद्द करावा अशी मागणी करणाऱ्या अर्जांवर हजारो लोकांनी सह्या केल्या. त्यांत स्टीव्हन्स यांच्या मतदारसंघातील लोकही होते. राज्याच्या वरिष्ठ सभागृहाने तर कायदा रद्द करण्याचा ठराव संमतही केला. आता प्रतिनिधिगृहाचा कौल बाकी होता आणि तेथेही बहुमत कायद्याच्या विरुद्ध जाणार, हे उघड दिसत होते.

११ एप्रिल १८३५ रोजी स्टीव्हन्स बोलावयास उठले. त्यांनी विरोधकांचाच प्रश्न हाती घेतला. ते म्हणाले की, न्यायालये आणि तुरुंग चालविण्यासाठी आपण सारे कर देतो. ज्याने जन्मात गुन्हा केला नाही, तोही तो कर निमूटपणे भरतो. मग गुन्हेगाराला शिक्षा करण्यासाठी जो आनंदाने पैसे देतो, त्याने आपला शेजारी गुन्हेगार होऊच नये यासाठी पैसे देताना कुरकुर का करावी? कुळावरून माणसामाणसांत भेद करणे वाईटच; परंतु गरिबीवरून भेद करणे त्याहूनही वाईट होय. गरिबांची यादी करून त्यांच्या मुलांना शिकविणे म्हणजे त्या मुलांवर डाग देण्यासारखे आहे. डोंगरातील दरिद्री झोपडीत जन्मलेल्या मुलालाही विद्या मिळाली पाहिजे, आणि ती भिक्षा म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून मिळाली पाहिजे, असे त्यांच्या भाषणाचे सार होते.

या भाषणातील आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोफत शाळांचा कैवार घेणारे राज्यपाल जॉर्ज वुल्फ हे स्टीव्हन्स यांच्या विरोधी पक्षाचे होते. एरवी स्टीव्हन्स त्यांच्यावर कडाडून टीका करीत. परंतु त्या दिवशी त्यांनी वुल्फ यांच्या शिक्षणकार्याची भर सभागृहात प्रशंसा केली. कार्य चांगले असेल तर ते कोणाच्या हातून होते याचा हिशेब करू नये, हा धडा त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना घालून दिला.

भाषण संपले आणि मतदान झाले. कायदा रद्द करण्यास निघालेल्या सभासदांपैकी कित्येकांची मने पालटली होती. प्रतिनिधिगृहाने कायदा राखला. वरिष्ठ सभागृहानेही आपले पाऊल मागे घेतले. पेनसिल्व्हेनियातील मोफत शाळा वाचल्या. पुढे स्टीव्हन्स यांच्या हातून अनेक मोठी कामे झाली. पण हे आपले सर्वांत उपयुक्त काम, असे ते स्वतः मानीत. वाकड्या पायाच्या मुलाला शाळेत पाठविण्यासाठी राबणाऱ्या आईचे ऋण फेडण्याची याहून सुंदर रीत कोणती असणार?

इ. स. १८३८ मध्ये पेनसिल्व्हेनियाची नवी राज्यघटना तयार झाली. मतदानाचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांना राहील, असे तीत लिहिले होते. स्टीव्हन्स हे ती घटना करणाऱ्या परिषदेचे सभासद होते. त्यांनी त्या घटनेवर सही करण्यास साफ नकार दिला. चार वर्षांनी ते लँकेस्टर या मोठ्या गावी राहावयास गेले. तेथे त्यांचे घर आणि कचेरी एकाच जागी होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्या जागेचे उत्खनन झाले, तेव्हा पाणी साठविण्याचे एक जुने तळघरातील टाके उजेडात आले. त्याच्या रचनेत जे फेरफार केलेले दिसले, त्यांवरून पळून आलेल्या गुलामांना लपविण्यासाठी त्याचा उपयोग होत असावा, असे संशोधकांचे मत आहे.

इ. स. १८४९ मध्ये स्टीव्हन्स अमेरिकेच्या मध्यवर्ती विधिमंडळात, म्हणजे काँग्रेसमध्ये, सभासद म्हणून दाखल झाले. पुढच्याच वर्षी तेथे एक कठोर कायदा संमत झाला. पळालेल्या गुलामाला पकडून देण्यास उत्तरेकडील नागरिकांनीही मदत केली पाहिजे, असे तो कायदा सांगत होता. स्टीव्हन्स यांनी त्यावर टीकेची झोड उठविली. इ. स. १८५१ च्या सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियातील क्रिस्तियाना या गावी त्या कायद्याची कसोटी लागली. मेरीलँडचा एक मालक पळालेल्या गुलामांना धरण्यासाठी हत्यारबंद माणसे घेऊन आला. तेथील कृष्णवर्णीय लोकांनी प्रतिकार केला आणि चकमकीत तो मालक ठार झाला. सरकारने ३८ जणांवर राजद्रोहाचा आरोप ठेवला. आरोपींच्या वकिलांत स्टीव्हन्स होते. ज्याच्यावर प्रथम खटला चालला, त्याची पंचांनी सुमारे पंधरा मिनिटांच्या विचारविनिमयानंतर निर्दोष म्हणून मुक्तता केली. इतरांवरचे राजद्रोहाचे आरोपही पुढे टिकले नाहीत. तीस वर्षांपूर्वी ज्या वकिलाने मालकाची बाजू मांडली होती, तो आता कोठे उभा होता, हे सर्वांना दिसले.

इ. स. १८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. या वेळी स्टीव्हन्स सत्तरीच्या घरात होते. काँग्रेसच्या अर्थविषयक समितीचे अध्यक्ष या नात्याने युद्धासाठी पैसा उभा करण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. ही जबाबदारी पार पाडीत असतानाच, गुलामांना मुक्त करा आणि त्यांना सैन्यात घ्या, असा लकडा त्यांनी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यामागे लावला होता. लिंकन सर्वांना सांभाळून सावधपणे पावले टाकीत. स्टीव्हन्स यांना तो विलंब सहन होत नसे. इ. स. १८६३ च्या जूनमध्ये दक्षिणेच्या सैन्याने पेनसिल्व्हेनियात घुसून स्टीव्हन्स यांचा लोखंडाचा कारखाना जाळून टाकला. गुलामगिरीच्या या कट्टर शत्रूवर त्यांचा विशेष राग होता. स्टीव्हन्स यांना आपल्या नुकसानीपेक्षा कारखान्यातील मजुरांच्या कुटुंबांची चिंता अधिक वाटली. अखेर ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधिगृहाने गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती संमत केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती अमलात आली.

गुलामाच्या पायांतील बेडी तुटली. परंतु तो खरोखर स्वतंत्र झाला काय? एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले. दक्षिणेतील राज्यांनी लगेच नवे कायदे करण्याचा सपाटा लावला. काम नसलेल्या कृष्णवर्णीयाला भटक्या ठरवून पकडावे आणि त्याला सक्तीने मजुरीला लावावे. गोऱ्याविरुद्ध त्याची साक्ष न्यायालयात घेऊ नये, असे त्या कायद्यांचे मासले होते. गुलामगिरी पुढच्या दाराने गेली होती आणि मागच्या दाराने परत येत होती. चॅरिटी बटलरच्या खटल्यात कायद्याच्या शब्दाचे बळ किती असते, हे स्टीव्हन्स यांनी पाहिलेच होते. आता देशाच्या घटनेतच असे शब्द घातले पाहिजेत की, कोणत्याही राज्याला ते मोडता येणार नाहीत, असे त्यांच्या मनाने घेतले.

दोन्ही सभागृहांतील पंधरा सभासदांची एक समिती नेमण्यात आली. तिच्यातील प्रतिनिधिगृहाच्या सभासदांचे नेतृत्व स्टीव्हन्स यांच्याकडे होते. या समितीने चौदावी घटनादुरुस्ती तयार केली. अमेरिकेत जन्मलेली प्रत्येक व्यक्ती अमेरिकेची नागरिक आहे. आणि कोणतेही राज्य आपल्या हद्दीतील कोणाही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही, हा तिचा गाभा होय. समान संरक्षणाचे शब्द प्रामुख्याने जॉन बिंगहॅम या दुसऱ्या वकील सभासदाचे होते. पण ती दुरुस्ती सभागृहापुढे मांडून तिचा अर्थ उलगडून सांगितला तो स्टीव्हन्स यांनी. ते म्हणाले की, ज्या गुन्ह्यासाठी गोऱ्या माणसाला जेवढी शिक्षा होते, तेवढीच काळ्या माणसाला व्हावी. जो कायदा गोऱ्याचे रक्षण करतो, त्याने काळ्याचेही तितकेच रक्षण करावे. गोऱ्याची साक्ष न्यायालयात चालत असेल, तर काळ्याचीही चालावी. कायद्यापुढील समता याहून सोप्या शब्दांत क्वचितच कोणी सांगितली असेल.

स्टीव्हन्स यांना याहून पुष्कळ अधिक हवे होते. मुक्त झालेल्या माणसाजवळ जमीन नसेल तर तो पुन्हा जुन्या मालकाच्या दारी जाईल, हे ते जाणून होते. दक्षिणेतील मोठमोठ्या जमीनदारांच्या जमिनी सरकारने घ्याव्यात आणि मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला चाळीस एकर द्याव्यात, अशी योजना त्यांनी मांडली होती. ती कोणी मानली नाही. कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क निःसंदिग्धपणे मिळावा, ही त्यांची इच्छाही चौदाव्या दुरुस्तीत पुरी झाली नाही. १३ जून १८६६ रोजी अखेरचे मतदान होण्यापूर्वी त्यांनी आपली निराशा लपविली नाही. सर्व भेद नष्ट करण्याचे आपले जुने स्वप्न विरून गेले, असे ते म्हणाले. तरीही या अपुऱ्या दुरुस्तीला आपण मत देतो. कारण आपण देवदूतांमध्ये नव्हे, तर माणसांमध्ये राहतो, असे त्यांनी सांगितले. ध्येय उंच ठेवावे. पण आज हाती येणारे चांगले काम परिपूर्ण नाही म्हणून टाकून देऊ नये, हे शहाणपण त्या उद्गारात आहे.

स्टीव्हन्स यांच्या स्वभावात दोष नव्हते असे नाही. त्यांची जीभ फार तिखट होती. प्रतिपक्षाला बोचरे शब्द ऐकविण्यात त्यांना आनंद वाटे आणि राग धरला म्हणजे ते सहसा सोडीत नसत. म्हणून त्यांना शत्रूही पुष्कळ होते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर दीर्घ काळ अनेक इतिहासलेखकांनी त्यांचे चित्र सूडबुद्धीचा माणूस असेच रंगविले. इ. स. १८६८ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांना पदावरून दूर करण्यासाठी काँग्रेसने महाभियोग चालविला, तेव्हा स्टीव्हन्स त्यात पुढे होते. त्या वेळी प्रकृती इतकी खालावली होती की, दोन माणसे त्यांना खुर्चीत बसवून सभागृहात उचलून आणीत. ‘बाबांनो, तुम्ही मेल्यावर मला कोण उचलणार?’ असे त्यांनी त्या माणसांना थट्टेने विचारल्याचे सांगतात. महाभियोग अवघ्या एका मताने फसला. परंतु त्याच वर्षाच्या जुलैमध्ये पुरेशा राज्यांची संमती मिळून चौदावी दुरुस्ती घटनेचा भाग झाली. ते पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले.

११ ऑगस्ट १८६८ रोजी वॉशिंग्टन येथे वयाच्या ७६ व्या वर्षी स्टीव्हन्स यांचे निधन झाले. त्यांचा देह काँग्रेसच्या भव्य घुमटाखाली दर्शनासाठी ठेवण्यात आला. तेथे पहाऱ्यावर कृष्णवर्णीय सैनिक उभे होते. मृत्युपत्रात त्यांनी दोन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. पहिली अशी की, पीचम येथील आईच्या थडग्याची देखभाल करणाऱ्यास त्यांनी ठेवलेल्या रकमेचे व्याज मिळावे आणि त्याने दर वसंत ऋतूत थडग्याच्या चारही कोपऱ्यांवर गुलाब आणि दुसरी प्रसन्न फुलझाडे लावावीत. दुसरी अशी की, अनाथ मुलांसाठी एक आश्रम काढावा. त्यात वर्णावरून किंवा आईबापांच्या धर्मावरून कोणाला वगळू नये. सर्व मुलांना एकाच वर्गात शिकवावे आणि एकाच पंक्तीस जेवू घालावे. या देणगीतून इ. स. १९०५ मध्ये लँकेस्टर येथे एक उद्योगशाळा निघाली. तिचे रूपांतर पुढे तंत्रमहाविद्यालयात झाले असून त्यास स्टीव्हन्स यांचेच नाव आहे.

आपले थडगे कोठे असावे, हेही स्टीव्हन्स यांनी आधीच ठरवून ठेवले होते. लँकेस्टरमधील मोठ्या दफनभूमींत कृष्णवर्णीयांना जागा मिळत नसे. म्हणून त्यांनी एक लहानशी दफनभूमी निवडली. तेथे असा भेद नव्हता. त्यांच्या थडग्यावर त्यांनीच लिहिलेला लेख कोरलेला आहे. एकान्ताची आवड म्हणून मी ही जागा निवडली नाही. इतर दफनभूमींत वर्णभेदाचे नियम आहेत, म्हणून जे तत्त्व मी आयुष्यभर सांगितले, ते मृत्यूनंतरही आचरून दाखविण्यासाठी मी येथे विसावलो आहे. ते तत्त्व म्हणजे ईश्वरापुढे सर्व माणसे समान, असा त्या लेखाचा आशय आहे.

स्टीव्हन्स यांच्यानंतर त्यांच्या कार्याला पुष्कळ काळ ग्रहण लागले. इ. स. १८७७ नंतर दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचे हक्क एकेक करून हिरावून घेण्यात आले. इ. स. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही काळ्या-गोऱ्यांना वेगळे बसविण्यात काही गैर नाही, असा निर्णय दिला. परंतु घटनेतील शब्द कोणी पुसू शकले नाही. इ. स. १९५४ मध्ये त्याच शब्दांच्या आधारे त्याच न्यायालयाने सांगितले की, काळ्या आणि गोऱ्या मुलांसाठी वेगवेगळ्या सरकारी शाळा ठेवणे घटनेविरुद्ध आहे. शाळांसाठी झगडलेल्या स्टीव्हन्स यांचे दुसरे काम अशा रीतीने शाळेच्याच दारी फळास आले.

अमेरिकेतील या लढ्याचे पडसाद आपल्या देशातही उमटले. पुण्यात शूद्रातिशूद्रांसाठी आणि मुलींसाठी शाळा काढणारे महात्मा जोतीराव फुले यांनी इ. स. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ज्या संविधानाचा मसुदा तयार केला, त्या आपल्या संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदात ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे शब्द आहेत. ते अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीतून आलेले आहेत. दोन्ही ठिकाणी आकडा चौदाच असावा, हा योगायोग. परंतु ते तत्त्व एकच आहे, हा योगायोग नव्हे.

मुलांनो, शाळेत तुमच्या शेजारी कोण बसावे, हे कोणाच्या जातीवरून, वर्णावरून किंवा बापाच्या पैशावरून ठरत नाही. ही गोष्ट तुम्हांला श्वासोच्छ्वासाइतकी सहज वाटत असेल. परंतु ती सहज घडलेली नाही. तिच्यासाठी अनेक देशांत अनेक माणसे झिजली आहेत, आणि कायद्याने दिलेली समता रोजच्या वागण्यात उतरविण्याचे काम अजून उरले आहे. ते काम वर्गातल्या बाकावरूनच सुरू करता येते.

शब्दार्थ

जाहीरनामा – सर्वांच्या माहितीसाठी केलेली लेखी घोषणा. हेटाळणी – अपमानकारक थट्टा. दंडक – रूढ नियम. पक्षकार – ज्याच्या वतीने वकील बोलतो तो. राजरोस – उघडपणे. नादारी – गरिबीमुळे मिळणारी फीची माफी. काहूर – गोंधळ, खळबळ. यादवी युद्ध – एकाच देशातील लोकांचे आपापसांतील युद्ध. महाभियोग – उच्च पदावरील व्यक्तीवर विधिमंडळात चालविलेला खटला. निःसंदिग्ध – शंकेला जागा नसलेले.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) थॅडियसच्या आईने पीचम येथे बिऱ्हाड का हलविले?
(आ) स्टीव्हन्स यांनी इ. स. १८३८ च्या राज्यघटनेवर सही का केली नाही?
(इ) स्टीव्हन्स यांनी लहानशी दफनभूमी का निवडली?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) चॅरिटी बटलरचा खटला स्टीव्हन्स यांच्या जीवनात महत्त्वाचा का मानावा?
(आ) शाळेच्या कराविरुद्ध लोकांचा आक्षेप कोणता होता? स्टीव्हन्स यांनी त्याला काय उत्तर दिले?
(इ) चौदावी घटनादुरुस्ती अपुरी वाटत असतानाही स्टीव्हन्स यांनी तिला मत का दिले? त्यांचे हे करणे तुम्हांला योग्य वाटते काय? कारणे द्या.

३. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
झुगारून देणे, हाडांची काडे करणे, कैवार घेणे, टीकेची झोड उठविणे, पाऊल मागे घेणे.

४. विरुद्ध अर्थाचे शब्द पाठातून शोधून लिहा.
गुलामगिरी, श्रीमंती, उत्तर, स्तुती, विषम.

५. ‘गरीब मुलांना शिक्षण दया म्हणून न देता हक्क म्हणून द्यावे’ या विषयावर वर्गात चर्चा करा आणि आपले विचार दहा ओळींत लिहा.